हे तुला कुठं सापडलं?

जानेवारी उजाडला की तालुक्याच्या गावी वह्या-पुस्तकांच्या दुकानांत गर्दी होते. नव्या वह्यांसाठी नव्हे, तर ‘प्रकल्पां’साठी. गेल्या हिवाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या अशाच एका दुकानात मी पेन घ्यायला उभा होतो. शेजारी एक शेतकरी आणि त्यांची नववीतली मुलगी उभी होती.

“पाण्याचा प्रकल्प द्या,” मुलगी म्हणाली.

“पाणी टंचाई का पाणी प्रदूषण?” दुकानदाराने विचारले, जणू चहा हवा की कॉफी! मग त्याने तयार वहीच काढून दिली. प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष, सगळे छापलेले. चित्रेही चिकटवलेली. पहिल्या पानावर फक्त नाव घालायची जागा रिकामी.

वडिलांनी पैसे मोजले, वही उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “ह्याच्यात काय लिहिलंय गं, माय?”

“मला काय माहीत, अण्णा. नाव घालून द्यायचंय फक्त.”

वहीवर बर्फाच्या डोंगरातून वाहणाऱ्या कुठल्याशा परदेशी नदीचे चित्र होते. मुलीच्या गावाची विहीर, बोअर, टँकर यांपैकी कशाचाही त्या वहीत पत्ता नव्हता.

बाहेर चहा घेताना त्या अण्णांशी बोलणे झाले. सोयाबीनचा विषय निघाला. ते म्हणाले, “एका वर्षी बियाणं उगवलंच नाही. दुबार पेरणी करावी लागली. तवापासून गोणपाटात शंभर दाणे घालून बघितल्याबिगर मी पेरीतच नाही.”

शेतकरी बंधू-भगिनींनो, त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. जो माणूस बियाण्याची गोणी बाहेरून पाहून फसत नाही, तोच माणूस मुलीची वही बाहेरून पाहून मात्र समाधान मानतो. वहीच्या आत काही उगवले आहे की नाही, हे कसे तपासायचे हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

उगवण चाचणी शाळेतही हवी

घरच्या बियाण्याची चाचणी आपल्याला नवी नाही. गोणीतून न निवडता शंभर दाणे घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायचे आणि ओल टिकवायची. आठवडाभरात गुंडाळी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणे शिफारशीप्रमाणे वापरता येते, कमी निघाले तर त्या मानाने बियाणे वाढवावे लागते. या चाचणीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे दाणे न निवडता घ्यायचे. दुसरी म्हणजे कोंब आपल्या डोळ्यांसमोर यायला हवा.

मुलाला माहिती शोधता येते की नाही, याची परीक्षाही अशीच असावी. घरून सजवून आणलेली वही म्हणजे निवडून दाखवलेले दाणे. त्यावरून उगवण कळत नाही. मुलाला नवा प्रश्न द्यावा, पुस्तकांच्या कपाटासमोर उभे करावे आणि तो काय करतो ते पाहावे. कोणते पुस्तक काढतो? पहिल्या पानापासून उलटत बसतो की अनुक्रमणिका पाहतो? शेवटची सूची त्याला ठाऊक आहे का? उत्तर मिळाल्यावर दुसऱ्या पुस्तकात ताडून पाहतो का? दहा मिनिटांत कोंब दिसतो.

परंतु त्यासाठी कपाट उघडे असायला हवे. आपल्या पुष्कळ गावांतल्या शाळांत पुस्तके आहेत, पण ती कुलपात आहेत. पुस्तक हरवले तर भरून द्यावे लागेल या धास्तीने किल्ली कुणी हातची सोडत नाही. वाळवी लागली तर चालते, पण मुलाच्या हातून पान फाटलेले चालत नाही! भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम पुस्तक वापरले जावे असे सांगतो. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हार घालण्याऐवजी कुलूप काढले तर त्यांना अधिक आवडले असते.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेत काय काय असावे याची जी यादी या कायद्यात आहे, तीत ग्रंथालयही आहे. वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तकेसुद्धा तिथे असावीत, असे त्यात म्हटले आहे.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. म्हणजे कपाटाची किल्ली कुठे आहे हे विचारण्याचा अधिकार तुमचाच आहे. बैठकीत शौचालय, पोषण आहार, भिंतीचा रंग यांवर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. त्याबरोबर “या महिन्यात किती मुलांनी पुस्तके नेली? देवघेवीची वही दाखवा,” एवढेही विचारावे.

महाराष्ट्रात २०१०-११ पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात लेखी चाचणी हे एकच साधन नाही. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने त्यात आहेत आणि मुलाविषयी वर्णनात्मक नोंद ठेवायची असते. योजना कागदावर चांगली आहे. मुलगा कसा शोधतो हे पाहून लिहिण्याची सोय तीत आहे. पण निरीक्षणाच्या जागी एकच वाक्य सगळ्या मुलांपुढे उतरवले गेले आणि प्रकल्पाच्या जागी विकतची वही आली, की योजनेचे पी हळद नि हो गोरी होते.

याच मातीतली दोन माणसे

शोधण्याची विद्या पुण्या-मुंबईची, आपल्या लेकरांना ती कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्याच भागातली दोन उदाहरणे देतो.

लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे १९१० साली सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म झाला. हैदराबाद संस्थानात ते सरकारी नोकरीत होते. उर्दू-फारसीवर त्यांची पकड होती. मराठ्यांचा इतिहास आपण मराठ्यांच्या बाजूने वाचतो, पण मोगल दरबारच्या लेखनात काय नोंदले आहे, हे त्यांनी मूळ फारसी कागदांतून काढून मराठीत आणले. आदिवासी भागात काम करताना गोंडी आणि कोलामी भाषांचा अभ्यास केला. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरच्या कामाची धुराही त्यांनी वाहिली. एकाच गोष्टीविषयी दोन्ही बाजूंचे कागद पाहायचे, ही त्यांची रीत होती. पोलीस पाटलालाही ती ठाऊक असते: भांडणात एकाचेच ऐकून निवाडा करायचा नसतो.

दुसरे नाव नरहर कुरुंदकरांचे. जन्म १९३२, नांदापूर. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आता हिंगोलीत आहे. कुरुंदकर गुरुजी इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले, पण वाचन मात्र अफाट. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक होते. नंतर पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. इतिहास, नाट्यशास्त्र, मनुस्मृती, राजकारण अशा विषयांवर त्यांनी लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांचीच प्रस्तावना आहे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले, तरी नांदेडात आजही त्यांचे नाव काढले की माणसे सावरून बसतात.

नापास व्हावे असा याचा अर्थ कुणी काढू नये. अर्थ इतकाच की, परीक्षेच्या तागडीत जे बसले नाही ते या माणसाजवळ भरपूर होते. तागडी एकच असेल तर असे किती दाणे आपण फोल म्हणून उधळून देत असू, याचा विचार व्हावा.

एक प्रश्न, चार साक्षीदार

आता प्रत्यक्ष काम कसे करायचे ते पाहू. सातवी-आठवीच्या मुलांना असा प्रश्न द्या: “आपल्या गावात पाऊस पूर्वीपेक्षा कमी झाला आहे का?” पारावरचा प्रत्येक माणूस याचे उत्तर “हो” असेच देईल. पण मुलांनी साक्षीदार बोलवायचे.

पहिला साक्षीदार घरातला आजा किंवा आजी. आजोबांना साल विचारले तर सांगता येत नाही. तेव्हा मुलांनी खुणेच्या गोष्टींवरून विचारावे: “हे मुक्तीच्या आधीचं का नंतरचं?” मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. “बहात्तरच्या दुष्काळाच्या वेळी? सुकडी मिळत होती तेव्हा?” “किल्लारीच्या भूकंपाआधी?” तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. अशा खुणा लावल्या की आजोबांची आठवण सालावर बसते. आठवण ही खरी साक्ष आहे, पण ती दुष्काळ जास्त लक्षात ठेवते आणि बेताचे पावसाळे विसरते. हे मुलांना समजावून सांगावे.

दुसरा साक्षीदार पुस्तक. जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पाऊस, पिके, नद्या, किल्ले, जत्रा यांची माहिती असते. ते इंग्रजीत असल्याने गुरुजींनी मदत करावी. येथे एक गंमत आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे गॅझेटियर काढून मुलगा लातूर जिल्हा शोधू लागला तर त्याला तो मिळणार नाही! कारण लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधीचे लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात शोधावे लागते, आणि उस्मानाबादचे नावही आता धाराशिव झाले आहे. तसेच हिंगोली १९९९ पूर्वी परभणीत सापडते. पत्ता बदललेल्या पाहुण्याला जुन्या गावी जाऊन विचारावे लागते, तसेच हे. ज्या मुलाला हे एकदा कळले, तो पुढे कोणत्याही कार्यालयात जुना कागद शोधताना अडणार नाही.

तिसरा साक्षीदार सरकारी नोंद. मंडळनिहाय पावसाचे आकडे तहसील कार्यालयाकडे असतात. मुलांनी स्वतः मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र लिहून ते मागावेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. आपल्या भागात अशी विहीर कुठे आहे, याचाही शोध घ्यावा.

चौथा साक्षीदार मुलांचे स्वतःचे मोजमाप. सरळ बाजूंचे, सपाट तळाचे भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे. हवामान खातेही दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकराचे चौरस मीटर सुमारे ४,०४७. म्हणजे २५ मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला तर आपल्या एका एकरावर एक लाख लिटर पाणी पडले!

हे गणित आले की मुलांच्या डोक्यात आणखी प्रश्न येतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर. तेवढेच पाणी एका एकरावर १२५ मिलिमीटर पावसात पडते. साऱ्या देशाने ज्या गाडीची बातमी वाचली, तिच्यातले पाणी आपल्या एका एकरात मावणारे होते! मग आपले पाणी जाते कुठे? हा प्रश्न विकतच्या वहीत कधीच नसतो.

आणखी एक खोच पाहा. एखादा मुलगा लिहील, “२०१६ साली लातूरला पाऊस पडला नाही.” हे चूक आहे. गाडी एप्रिलमध्ये आली ती आधीच्या पावसाळ्यांच्या ओढीमुळे. २०१६ च्याच पावसाळ्यात जोरदार पाऊस होऊन मांजरा धरण भरले. साल बरोबर आणि उत्तर चूक, असे होऊ शकते. महिनाही विचारावा लागतो.

चार साक्षीदार एकसारखे बोलले नाहीत तर काय? घाबरू नये. मुलांनी तसेच लिहावे: “आजोबा असे म्हणतात, आकडे असे सांगतात, आमचे मोजमाप एकाच वर्षाचे असल्याने त्यावरून आम्हांला ठरवता येत नाही.” ज्या मुलाने असे लिहिले त्याला सर्वांत जास्त गुण द्यावेत.

गुण कसे द्यावेत?

शिक्षकांसाठी एक नमुना सुचवतो. वीस गुण असतील तर त्यांची वाटणी अशी करावी.

प्रश्न स्वतःच्या गावचा आणि नेमका आहे का, यासाठी ३ गुण. “पाणी” हा प्रश्न नव्हे. “आमच्या आळीतले हातपंप उन्हाळ्यात केव्हा बंद पडतात?” हा प्रश्न झाला.

कुठे कुठे शोधले, यासाठी ५ गुण. पुस्तकाचे नाव, लेखक, पान, विचारलेल्या माणसाशी त्याचे नाते, तारीख हे सारे लिहिलेले हवे.

पडताळून पाहिले का, यासाठी ५ गुण. निदान दोन ठिकाणी उत्तर ताडून पाहिलेले हवे.

स्वतःच्या शब्दांत सांगता येते का, यासाठी ४ गुण. वही बंद करून मुलाला बोलायला लावावे. आपली बोली चालेल, नव्हे, बोलीतच सांगू द्यावे.

जे सापडले नाही ते प्रामाणिकपणे लिहिले का, यासाठी ३ गुण.

चित्रे, रंगीत पाने, नक्षीदार अक्षर यांना शून्य गुण! अक्षर सुंदर असावे, पण त्याचे गुण वेगळ्या खात्यात.

याशिवाय मुलाने शोधवही ठेवावी. आज कोणते पुस्तक पाहिले, काय मिळाले, काय नाही, हे रोज दोन ओळींत लिहावे. अमेरिकेतील कॅरोल कुलथाऊ या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने १९८० च्या दशकात शाळकरी मुलांना अशाच रोजनिश्या लिहायला लावून अभ्यास केला. तिला दिसले की शोध सुरू केल्यावर मध्येच मुलांचा गोंधळ वाढतो आणि धीर खचतो. नेमका विषय हाती लागला की मग वाट मोकळी होते. आपल्यालाही हे परके नाही. विहीर खणताना खडक लागला की जीव घाबरा होतो, पण जाणता माणूस तेवढ्यावर काम सोडून घरी जात नाही. त्या टप्प्यावर शिक्षकाने “हे वाचून बघ, ह्यांना विचार,” एवढे म्हटले तरी पुरते. शोधवही असली म्हणजे तो टप्पा शिक्षकाला दिसतो आणि विकतची वही आणण्याची वाटही आपोआप बंद होते. दोन महिन्यांची, चुकांसकटची, खाडाखोड असलेली शोधवही कुठल्याच दुकानात मिळत नाही.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरू लागली. तीतही साधारण हीच रीत आहे. १० ते १७ वर्षांची मुले आपल्या परिसरातला प्रश्न घेतात, मार्गदर्शकाच्या मदतीने काम करतात, नोंदवही ठेवतात आणि परीक्षकांपुढे उभे राहून उत्तरे देतात. खेड्यातल्या मुलाचे तिथे काही अडत नाही. उलट प्रश्नांची खाण त्याच्या दारातच असते.

शिकवायचे काय?

तपासण्याआधी शिकवावे लागते. पेरल्याशिवाय उगवत नाही. आठवड्याची एक तासिका पुरेशी आहे.

पहिल्या महिन्यात पुस्तकाची ओळख करून द्यावी. मुखपृष्ठ, लेखक, प्रकाशनाचे वर्ष, पुढची अनुक्रमणिका आणि मागची सूची दाखवावी. फवारणीच्या पुस्तकात प्रकाशनाचे वर्ष किती मोलाचे असते हे शेतकऱ्याच्या मुलाला चटकन कळते. जुन्या पुस्तकातले औषध आता बंदही झालेले असू शकते.

दुसऱ्या महिन्यात कपाट लावायला शिकवावे. आडतीवर सोयाबीन, तूर, हरभरा यांचे ढीग वेगळे असतात, तशी पुस्तकेही विषयवार लावतात. मेलव्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये सुरू केलेली दशांश पद्धत पुष्कळ ग्रंथालयांत चालते. तीत ५०० पासून विज्ञान, ९०० पासून इतिहास-भूगोल आणि ६३० म्हणजे शेती. मुलांनीच पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवून कपाट लावले की ते त्यांना पाठ होते.

तिसऱ्या महिन्यात कोश वापरायला शिकवावे. शब्दकोशात शब्द वर्णक्रमाने शोधण्याची शर्यत लावावी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला सुरू झालेला मराठी विश्वकोश आज वीस खंडांत पूर्ण झाला आहे आणि संगणकावर व मोबाईलवर फुकट वाचता येतो. आपल्या भाषेत एवढे धन असताना आपण उपाशी का राहावे?

त्यानंतर नवा प्रश्न आणि दहा मिनिटे. “तुरीच्या मुळांवर गाठी का असतात?” “उदगीरची लढाई कोणत्या साली झाली?” पहिल्याचे उत्तर विज्ञानाच्या किंवा शेतीच्या पुस्तकात मिळेल: त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. दुसऱ्याचे इतिहासात मिळेल: १७६०. उत्तरापेक्षा मुलाचे हात कोणत्या कपाटाकडे वळले ते पाहावे.

“वेळ कुठं आहे?”

हा प्रश्न शिक्षकही विचारतात आणि पालकही. लातूरचा ‘पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. मुलांनी कष्ट केले, गुण मिळवले, डॉक्टर-इंजिनिअर झाली. त्या कष्टांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण डॉक्टर झालेल्या मुलीपुढे रोगी येतो तेव्हा तो चार पर्याय घेऊन येत नाही. तिथे शोधावे लागते, ताडून पाहावे लागते. आणि जी मुले डॉक्टर होणार नाहीत, गावातच राहतील, त्यांना तर ही विद्या अधिकच हवी. औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण लाल आहे की हिरवा, लाल म्हणजे सर्वांत विषारी, हे वाचूनच ठरते. फेरफार, सातबारा, बँकेचा कागद, योजनेची अट, सारे शोधून वाचावे लागते. नाही तर दुसरा वाचून दाखवतो, आणि तो स्वतःच्या सोयीचे तेवढेच वाचतो.

दुसरी अडचण अशी की लहान शाळेत ग्रंथपाल नसतो. खरे आहे. एखाद्या शिक्षकाकडे कपाट सोपवलेले असते आणि त्यांच्या मागे इतर कामांचा ससेमिरा असतो. अशा ठिकाणी आठवी-नववीची दोन-दोन मुले आळीपाळीने ‘बालग्रंथपाल’ करावीत. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. आपल्या किंवा शेजारच्या गावात असे वाचनालय असेल तर शाळेने त्याच्याशी बोलून महिन्याला पेटीभर पुस्तके आणावीत.

आणि आता मोबाईल. पूर्वी वही विकत आणावी लागे. आता मोबाईलला विचारले की कृत्रिम बुद्धिमत्ता एका मिनिटात सबंध प्रकल्प लिहून देते. मोबाईल हिसकावून घेऊन हे थांबणार नाही. त्यालाही एक साक्षीदार समजावे, पाचवा. तो हुशार आहे, चटकन बोलतो, पण न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगायचीही खोड त्याला आहे. तुमच्या विहिरीत त्याने डोकावलेले नाही. त्याची साक्ष घ्यावी, निकाल त्याच्या हाती देऊ नये.

अंगठा लावणाऱ्या आईलाही जमेल

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. आपल्याला लिहिता-वाचता येत नाही, मग मुलाचा अभ्यास काय तपासणार, असे ज्या माउलीला वाटते तिने फक्त तीन प्रश्न विचारावेत.

“हे तुला कुठं सापडलं?”

“दुसरीकडं बघितलंस का?”

“वही मिटव, अन् तुझ्या तोंडानं सांग बरं.”

या तीन प्रश्नांना अक्षर लागत नाही. बाजारात बियाणे घेताना, जनावर घेताना, सोयरीक जुळवताना आपण हेच विचारतो: कुठून आणले, आणखी कुणाला विचारले, खरे खरे सांग. तेच चुलीपुढे बसून लेकीला विचारायचे. तिने चाचरत का होईना, स्वतः सांगितले तर तिच्या पाठीवर हात फिरवा, मग वहीत चार रंग कमी असले तरी चालेल. गप्प राहिली तर रागावू नका. तिला शोधायला शिकवलेलेच नाही, हे समजा आणि पुढच्या बैठकीत कपाटाची किल्ली मागा.

त्या दिवशी निरोप घेताना त्या अण्णांना मी एवढेच सुचवले होते. ते हसले आणि मुलीकडे वळून म्हणाले, “चल गं, घरी गेल्यावर आपली विहीर मोजू. दोर किती लागला ते तूच लिही.” विकतची वही तिने दप्तरात ठेवली, पण वाटेने दोर किती हात लागेल याचीच चर्चा करीत दोघे बसथांब्याकडे गेले.